बारा महिन्यांचं कलम

खारवाडी, ता. रत्नागिरी
२० मे १९८७

विठूस महिपतकडून,

आशीर्वाद या पत्रात घातलेले नाहीत. धाकट्या भावाला ते लिहायचे असतात हे मला ठाऊक आहे. पण चार वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि गेल्या महिन्यात सरपंच रावजीला मात्र चार पानं लिहिलीस, तेव्हा रीतभात आपण दोघांनीही थोडी बाजूला ठेवू.

तुझी चार पानं रावजीने १० तारखेच्या गावसभेत मोठ्याने वाचली. सुट्टीला आलेले मुंबईकर झाडून हजर होते. शारजात म्हणे नवा कायदा आलाय. इमारत ताब्यात दिल्यापासून दहा वर्षं ठेकेदार आणि नकाशा काढणारा इंजिनियर दोघेही बांधील. इमारत पडली, अर्धी पडली, पडायच्या बेतात आली, तरी बांधील. जमीनच वाईट होती म्हणून सुटका नाही, मालकाने मान डोलावली होती म्हणून सुटका नाही. आणि 'मी जबाबदार नाही' असं करारात लिहून घेतलं असेल तर तो कागद रद्दीत. तुमचा साहेब इंग्रज. त्याच्या मुलखात करारात लिहिलं तेच खरं आणि इंजिनियरने शेवटचा दाखला दिला की ठेकेदार मोकळा, म्हणून तो बिचारा हल्ली चरफडत असतो, असंही तू लिहिलं आहेस. आणि शेवटी गावाला उपदेश: 'आपल्याकडे नुसती चोरी चालते, या मुसलमानी कायद्यातून गावाने काही शिकावं.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुंबई मंडळाच्या अध्यक्षांनी तुझा उल्लेख विठूशेठ असा केला. मी मागे खांबाला टेकून बसलो होतो. बत्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, नाना तऱ्हेचे इसम पाहिले, पण चोरीवर प्रवचन झोडणारा ठेकेदार पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे १७ तारखेला, भर दुपारी शाळेच्या पडवीचा स्लॅब खाली आला.

कुठल्या शाळेचा ते तुला सांगायला नको. गावाने वर्गणी काढली, मुंबईकरांनी भर घातली आणि १९८२ साली तू दोन खोल्या आणि पुढे पडवी उभी केलीस. सुट्टी होती म्हणून पोरं नव्हती. तुळसा होती. शाळा झाडते, पिण्याचं पाणी भरते ती तुळसा. पडवीच्या सावलीत बसून कोकमासाठी रातांबे फोडत होती. स्लॅब तिच्या डाव्या पायावर आला. रत्नागिरीला सिव्हिलमध्ये नेली, पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

तालुक्याचा इंजिनियर येऊन गेला. उघड्या पडलेल्या सळीला त्याने नुसतं बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे सुटले. म्हणाला, हे मिठाचं काम आहे, खाडीची वाळू न धुता वापरलेली दिसते. खोल्यांचा स्लॅब वेगळ्या दिवशी ओतलेला, त्यात काय आहे ते वरून कळत नाही, फोडून बघायचं तर मंजुरी लागेल आणि ती दिवाळीपर्यंत येईल, तेव्हा ज्याने घातला त्यालाच विचारा.

म्हणून विचारतो. करारात नदीच्या वरच्या पात्रातली गोडी वाळू लिहिलेली आहे. खोल्यांच्या स्लॅबात ती आहे का खाडीची? १५ जूनला शाळा उघडेल आणि एकसष्ट पोरं त्याखाली बसतील. चार पानं नकोत, एक ओळ पुरे.

महिपत


६ जून १९८७

विठू,

तुझी ओळ आली नाही. पत्राला जायला आठवडा आणि यायला आठवडा लागतो हे धरूनही आली नाही. रावजीला उपदेश धाडताना टपाल बरं चालू होतं.

शाळा समितीचे लोक रोज माझ्या ओटीवर येऊन बसतात. भाऊ तुमचा, तुम्हीच विचारा, म्हणतात. मी म्हणतो, विचारलंय. मग चहा होतो आणि ते जातात. त्यातला भागोजी काल जाता जाता म्हणाला की वाळूच्या होड्यांची मोजदाद तर तुमच्याकडेच होती. होती. समितीने ठेकेदाराच्याच थोरल्या भावाला होड्या मोजायला बसवलं, यावरून आपल्या गावाची अक्कल समजावी. पण मोजणाऱ्याने होड्या मोजायच्या असतात. होडीच्या पोटात काय आहे हे मोजणाऱ्याला कसं कळणार? मी त्याला तसंच सांगितलं आणि त्याला ते पटलं.

दरम्यान तुझ्या कायद्याची चौकशी करून आलो. पाटणकर वकिलांचे कागद हाताळण्यात माझी निम्मी नोकरी गेली, ते अजून बसतात. त्यांनी तुझी चार पानं वाचली आणि मला विचारलं की हा तुमचा भाऊ कितवीपर्यंत शिकला. दहा वर्षांची ही जबाबदारी मूळची फ्रेंचांची. त्यांच्या पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात ती होती, तिथून इजिप्तने घेतली आणि इजिप्तकडून बाकीच्या अरबांनी. म्हणजे तू ज्याला मुसलमानी कायदा म्हणून गावापुढे नाचवलास, त्याचं ते कलम पॅरिसहून आलेलं आहे. त्या मुलखात राहून चार वर्षं झाली, एवढी विचारपूस करायला सवड झाली नसेल.

खऱ्या शरियतीचं काय, ते विचारायला जयगडला दाऊदभाईंकडे गेलो. ते नऊ वर्षं जेद्दाला एका ठेकेदाराकडे मुकादम होते. त्यांनी सांगितलं की तिथे असं कलम एक, कलम दोन छापलेलं पुस्तकच नाही. काझी जुने ग्रंथ काढतो, दोन्ही बाजूंचं ऐकतो आणि ज्याच्या हातून नुकसान झालं त्याने भरून द्यावं म्हणतो. करार पाळायचाच, पण करारात माफी लिहून घेतली म्हणून ठाऊक असून झाकलेला दोष माफ होत नाही. मालात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत होतं आणि तो गप्प बसला, तर कागद त्याला वाचवत नाही. हे सांगताना दाऊदभाई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होते असं मला वाटलं, पण त्यांना मोतीबिंदू आहे.

तुला यातलं काही कळणार नाही. तू वाळूचं तेवढं कळव.

महिपत


२७ जून १९८७

विठू,

मिळालं तुझं पत्र. तीन ओळी. चौघांसमोर फोडलं, ते माझंच चुकलं.

'करारातलं कलम अकरा बघ. ताबा दिल्यावर बारा महिने उलटले की कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही. मुदतीच्या कायद्याची तीन वर्षंही गेली. हे सगळं तूच मला शिकवलंस, दादा.'

वा. दहा वर्षांचा कायदा शारजातल्या शेखांसाठी आणि बारा महिन्यांचं कलम खारवाडीच्या पोरांसाठी. तिकडे त्या कायद्याच्या धाकाने तू वाळू तीनदा धुवून घेत असशील. तिकडच्या इमारतीत मीठ गेलेलं चालत नाही आणि इकडे एकसष्ट पोरांच्या डोक्यावर चालतं. मी तुला वाळूबद्दल विचारलं होतं, कलमाबद्दल नाही. ज्याला वाळू विचारली तर कलम सांगतो, त्याची वाळू कसली असेल हे आमच्या कोर्टातल्या शिपायालाही कळलं असतं.

चौघांसमोर वाचल्यामुळे शेवटची ओळही चौघांनी ऐकली. रावजीने करार आणवला. कलम अकरा माझ्या अक्षरात आहे. तेव्हा आता सांगून टाकतो, तसंही ते सगळ्यांना दिसलंच आहे. करार मी लिहिला, कलम मी घातलं. समितीतल्या कुणाला त्याचा अर्थ कळला नाही आणि कुणी विचारलाही नाही, कारण लिहिणारा कोर्टातला होता. भावाला पुढेमागे त्रास नको एवढाच माझा हेतू होता. त्र्याऐंशीच्या जुलैत पडवी गळायला लागली, तेव्हा मी तुला म्हटलं की बाबा, डागडुजी करून दे. तू कलमावर बोट ठेवून हसलास आणि पंधरा दिवसांत मुंबईला जाऊन विमानात बसलास. मी कुणाला काही बोललो नाही. बोलणार काय होतो?

आपल्या भांडणाचं कारण गावात अजून वाटणी म्हणून सांगतात. ते तसंच राहिलं तर बरं, असं मला आजवर वाटत होतं.

पाटणकर म्हणतात की तुझं तीन वर्षांचं गणितही कच्चं आहे. मुदतीच्या कायद्यात सतरावं कलम आहे. दोष कपटाने लपवला असेल तर मुदत तो उघडकीला येतो तिथून धरतात. म्हणजे शारजा घे, जेद्दा घे नाहीतर रत्नागिरी, सगळीकडे गाडं शेवटी एकाच प्रश्नावर येतं, की ठाऊक होतं का. फक्त आपल्याकडे ते शाबीत करायला साक्षीदार लागतो, वकील म्हणाले. आता असा साक्षीदार कुठून आणायचा?

शाळा सध्या देवळाच्या सभामंडपात भरते. तिन्ही बाजूंनी पाऊस आत येतो, पोरांची दप्तरं भिजतात, निम्मी तापाने पडली आहेत. रावजीचा धीर सुटला आहे. तो म्हणतो, पडवी पडली ती पडली, खोल्यांना पाच वर्षांत एक तडा नाही, सोमवारी १३ जुलैला शाळा खोल्यांत घेऊ. हेडमास्तर तयार नाहीत, पण त्यांच्याकडे दुसरी जागाही नाही.

विठू, तुझ्यावर कुणी फिर्याद करत नाही. मी तुला लिहून देतो हवं तर. 'खाडीची आहे' असे दोन शब्द तारेने धाड. तुझ्या नावाने आले की झालं. तेवढं केलंस तर मागचं सगळं मी विसरेन.

महिपत


१० जुलै १९८७

विठू,

तार आली नाही. आता पाठवूही नकोस.

काल सिव्हिलमध्ये तुळसाला बघायला गेलो. बावन्न दिवस मी गेलो नव्हतो. आज पाऊस, उद्या एस.टी. नाही, परवा अंगात कणकण, अशी कारणं मी माझी मलाच देत होतो. ती खाटेवर बसून शेजारच्या बाईची वेणी घालत होती. मी बिस्किटांचा पुडा ठेवला आणि तुझा भरपूर उद्धार केला. तू कसा नालायक, कसा पळपुटा, विचारलेल्याचं उत्तर देत नाहीस, आता वाळू कुठली हे गावाला कळायचं कसं. तिने वेणी पुरी केली, गाठ मारली आणि मग बोलली.

"भाऊ, तुमी त्येला कशाला इचारताव? होड्या तुमी मोजत व्हतात. मी धक्क्यावर पाट्या उचलत व्हते. होडी ओहोटीला जायची नि भरतीला भरून यायची. वरची वाळू कवा भरतीबरोबर खाली आलीया? मना दिसत व्हता. पन मना वाटला, कोरटातला मानूस मोजतो हाय, म्हंजे बराबर असंल."

मी छत्री उचलली आणि परतीची एस.टी. धरली.

तुला हे समजावून सांगायला नको, पण लिहून ठेवतो, कारण हा कागद पुढे कुणाला तरी दाखवावा लागेल. वरच्या पात्रातून वाळू आणायची तर होडी भरतीबरोबर वर चढते आणि ओहोटीला भरून खाली येते. आपल्या होड्या उलट जात होत्या. ओहोटीला निघून खाडीच्या तोंडाशी जायच्या आणि भरतीबरोबर परत यायच्या. खोल्यांच्या स्लॅबासाठी एकोणीस होड्या आल्या. एकोणीसच्या एकोणीस भरतीला आल्या. गोड्या पाण्याने धुतली असती तर ती वाळूही चालली असती, पण ब्याऐंशीच्या त्या मे महिन्यात विहिरींनी तळ गाठला होता. मी धक्क्यावर छत्री घेऊन बसलो होतो आणि एकेका होडीपुढे काडी ओढत होतो. पहिल्याच दिवशी मला कळलं. पाऊस तोंडावर आहे, एकदाचा स्लॅब ओतून होऊ दे, असं मी मनाशी म्हटलं. आणि घरी येऊन जेवलो.

आणखी एक. त्याच मे महिन्यात तुझं घर बांधून होत होतं. त्याची वाळू ट्रकने आली, संगमेश्वरच्या वरून, पात्रातली. घराच्या वाळूला खारटपणा नको म्हणून तू ड्रायव्हरला दोनदा बजावलंस, तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो. म्हणजे फरक तुलाही माहीत होता आणि मलाही.

तेव्हा मी तुझ्याकडे उत्तर मागत नव्हतो. उत्तर माझ्याकडे पाच वर्षं होतं. तू आपल्या हाताने लिहावंस आणि माझं नाव त्यात कुठे येऊ नये, यासाठी मी चार आण्यांचं शहाणपण सांगत तुला तीन पत्रं लिहिली. सतरावं कलम मला पाठ होतं, त्यासाठी वकिलांचा जिना चढायची जरूर नव्हती. साक्षीदार कुठून आणायचा म्हणून मी तुला विचारलं, तेव्हा तो ते पत्र लिहीत बसला होता. तुझी मला किळस येते हे खरं आहे. पण तू निदान पळून तरी गेलास. मी इथेच राहिलो, रोज त्या पडवीवरून गेलो आणि रस्त्यात भेटतील त्यांचे नमस्कार घेतले.

परवा रविवारी सभा आहे. खोल्या उघडायच्या की नाही ते ठरायचं आहे.

महिपत


४ ऑगस्ट १९८७

विठू,

सभेत मी सांगितलं. फार वेळ लागला नाही. होड्या कधी गेल्या, कधी आल्या, कलम अकरा कुणी आणि कशासाठी लिहिलं, एवढंच. मला वाटलं होतं लोक अंगावर येतील, तर तसं काही झालं नाही. रावजीने खोल्यांची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. भागोजी एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमास्नी आमी इचारला व्हता." मग सगळे उठले. तेव्हापासून माझ्या ओटीवर कुणी बसायला येत नाही. अर्ज लिहून घ्यायला लोक आता हेडमास्तरांकडे जातात.

मंजुरीची वाट न बघता गावाने श्रावणाच्या आत खोल्या उतरवल्या. तुळईतली सळी करंगळीएवढी घातली होती, निघाली ती सुतळीएवढी. काही ठिकाणी सळी नव्हतीच, नुसती तांबडी भुकटी होती. हेडमास्तरांनी ती मूठभर कागदात बांधून ठेवली आहे. पाटणकरांकडे दावा तयार होतो आहे. प्रतिवादी नंबर एक तू, नंबर दोन मी. माझी जबानी मी लिहून दिली आहे. पाटणकर म्हणाले, महिपतराव, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देताय. म्हटलं, अशीलच तसं आहे.

आता तुझ्या कामाचं. जाताना, दुसरं कुणी नव्हतं म्हणून, तू मला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतंस, घराची देखरेख, व्यवस्था, कुणाला राहायला देणं, सगळं माझ्या अधिकारात. शनिवारी रत्नागिरीला जाऊन मी तुझं घर शाळेला वापरायला दिलं आणि कागद रीतसर नोंदवला. काल पहिला वर्ग तिथे भरला. दिवाणखान्यात पहिली-दुसरी, मागच्या मोठ्या खोलीत तिसरी-चौथी. तुझं शोकेस माझ्या माळ्यावर आहे, एक काच मात्र हलवताना फुटली. तुळसा गेल्या आठवड्यात सिव्हिलमधून आली. कुबडी घेऊन तुझ्या पायरीवर बसते आणि घंटा देते. मला बघितलं की मान फिरवत नाही, बोलतही नाही. वरचा स्लॅब पात्रातल्या वाळूचा आहे, खणखणीत आहे, भर पावसात एक थेंब गळत नाही. काम तुला येतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

तू चिडशील, रजा काढून येशील, वकील करशील. खुशाल कर. पण येण्याआधी रावजीला लिहिलेलं स्वतःचं पत्र एकदा वाच, त्याची नक्कल सोबत जोडली आहे.

घर दिल्याचा कागद मी लिहिलेला नाही. माझ्या हातचा कागद आता गावात कुणी घेत नाही. हेडमास्तरांनी लिहिला, पोरांना कळेल अशा भाषेत, सभेत मोठ्याने वाचला, आणि तुळसाने 'परत वाचा' म्हटलं म्हणून परत वाचला. त्यात मुदत दहा वर्षांची आहे. ३ ऑगस्ट १९९७ ला संपेल, त्यानंतर येऊन किल्ली माग. मी खाली फक्त सही केली. सही करण्याआधी सवयीने कलम अकरा शोधलं. कागदात कलमं चारच होती.

महिपत